भरतीला आधार

"आधार कोणाचा?" आप्पा मास्तरांनी विचारलं आणि दत्तात्रेयाची वही त्याच्याच अंगावर भिरकावली.

दत्तात्रेय मॅट्रिकच्या वर्गातला. शनिवारच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याच्या वाट्याला 'भरती-ओहोटी' हा विषय आला होता.

"समुद्र पाहून लिहिलंय, मास्तर."

"समुद्र म्हशीसुद्धा पाहतात! ग्रंथाचं नाव आण, नाहीतर उभा राहू नकोस."

मास्तरांनी स्वतः शेवटचा ग्रंथ कधी उघडला होता, हे विचारायची वर्गात कोणाची छाती नव्हती.

वाचनालयात एक जाडजूड कोश होता. पण नेमका 'भ'चा खंड दोन वर्षं खाडीपलीकडच्या भाट्ये गावी, श्रीपतराव पेन्शनरांकडे अडकलेला. "अभ्यासू गृहस्थ!" चिटणीस भक्तिभावाने म्हणाले. "खंड हातातून सोडवत नाही त्यांना."

शुक्रवारी दुपारी दत्तात्रेय होडीने पलीकडे गेला. अभ्यासू गृहस्थ झोपाळ्यावर घोरत होते आणि खंड माजघरात लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून बसला होता.

"नेतोस तर ने बापड्या," त्यांच्या पत्नी कमलाबाई म्हणाल्या, "पण तेवढ्याच वजनाचा धोंडा आणून दे आधी."

धोंडा देऊन, खंडावरचं तेल पुसून दत्तात्रेय किनाऱ्यावर आला तोवर संध्याकाळ होत आली होती. परतीच्या होडीला अवकाश होता. ओहोटीने उघड्या पडलेल्या एका खडकावर त्याने बैठक मारली आणि पान उघडलं. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण... एकेक वाक्य सव्वा हात लांब. वाळूत जाळं सांधत बसलेल्या धाकू कोळ्याने हाक दिली, "ओ भट, उठा! पानी येतंय!"

"धाकू, मध्ये बोलू नकोस," दत्तात्रेय मान वर न करता तुच्छतेने म्हणाला. "भरती का येते ते वाचतोय."

"का येते ते मागनं वाचा. आली हाय ती!"

अडाण्यांना शास्त्राचं काय, असं मनाशी म्हणत दत्तात्रेयाने पान उलटलं. तेवढ्यात लाट आली. खंड तिने नेला, धोतर भिजवलं, आणि दत्तात्रेयाने पाहिलं तर चारी बाजूंना पाणी! त्याने फोडलेली किंकाळी पार पलीकडच्या बंदरात ऐकू गेली असेल.

धाकूने होडी घातली आणि त्याला जाळ्यातल्या मासळीसारखा आत ओढला. "अमुशा-पुनवेला उधान, अष्टमीला भांग," वल्ही मारता मारता तो सांगू लागला. "भांगाला पानी लई चढायचं नाय, लई उतरायचं नाय. आन रोजची भरती दोन घटका उशिरानं. आज काय, बघा की, चांद उगवतोय. पुनव!" दत्तात्रेय कुडकुडत ऐकत होता. सव्वा हाताच्या वाक्यांनी जे झालं नव्हतं, ते खाडीच्या मध्यावर झालं. त्याला भरती कळली.

"तुमचं पूर्ण नाव काय हो, धाकोजी?" उतरताना त्याने विचारलं.

शनिवारी त्याचं भाषण असं रंगलं की मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प बसली. टाळ्या थांबल्यावर परीक्षकाच्या खुर्चीतून आप्पा मास्तरांनी बोट उगारलं.

"आधार?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची सोय नव्हती.

"धा. भि. शिवलकर," तो पुटपुटला. "भाट्ये."

मास्तरांनी डोळे मिटले, हळूहळू मान डोलावली आणि पहिल्या नंबराच्या रकान्यात दत्तात्रेयाचं नाव लिहिलं.

"शिवलकर म्हणजे अधिकारी माणूस," ते सभेला उद्देशून म्हणाले. "कॉलेजात असताना मी संपूर्ण वाचलेत. भाषा तेवढी जरा संस्कृतप्रचुर आहे."