देवकाचं रिव्हर्स हॉर्नवालं विमान

या, अशा जवळ सरका. एवढ्या दूरून कायले ऐकता? अन् आधीच हसू नका. माझ्या जावेचं नाव काढलं का लोक हसतात, म्हणून बोलून राहिली.

माझी धाकटी जाऊ देवका धानाच्या बांधीवर, म्हणजे भातखाचरावर, रिमोटचं विमान उडवते. पन्नाशी उलटली आहे तिची. पदर खोसून धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभी राहते अन् सोडते वर.

विमान थर्माकोलचं, तिच्या नवऱ्यानं बनवलेलं. हिरालाल, माझा दीर, आमगावात रेडिओ दुरुस्त करायचा. लकव्यानं त्याची वाचा गेली, एक हात तेवढा चालतो. दुकानात बसून बसून देवका सारं शिकलेली. विमान तिनंच पुन्हा चालू केलं.

पहिल्याच पावसाळ्यात बॅटरी संपून ते उभ्या धानात पडलं. दोन दिवस सापडलं नाही. मग तिनं त्यात बारीक भोंगा बसवला, पडलं का टिर्र टिर्र करणारा. पुन्हा पडलं तेव्हा आम्ही सारे त्या टिर्र टिर्रच्या मागं गुडघाभर चिखलात. तीन बेडूक सापडले.

मग देवकानं ऑटोचा रिव्हर्स हॉर्न आणला, गाणं वाजते तो. अख्खा बसवला तर विमान जागचं उठेना. फोडून आतलं तेवढं घेतलं. पोटाखाली दोन दिवे लावले. हिरवा म्हणजे उडू दे. लाल लुकलुकला का बॅटरी संपत आली, उतरव. लालसोबत गाणंही लागे. तेव्हा धान रोवायला आलेल्या बाया "सरका वो, गाडी मागं येऊन राहिली" म्हणत धुऱ्यावर चढत.

रोवणी थांबते म्हणून तक्रार आमच्या घरी आली. आमचे हे, म्हणजे तिचे जेठ, अंगणात गरजले, "विका ते. नवरा खाटेवर अन् बायको आभाळात."

आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही. देवका दोन हात दूर उभी, डोक्यावर पदर, तोंड माझ्याकडं. "बाई, सांगा त्यायले, नाही विकणार."

"नाही विकणार म्हणते," मी सांगितलं.

"ऐकू आलं मले. तिले म्हणा, उद्या गिऱ्हाईक आणतो."

"सांगा, आणा म्हणावं. त्याच्या टकलावरून उडवून दाखवीन."

मी तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आमचे हे गोंदियाचा माणूस घेऊन बांधीवर आले, लाल-हिरव्याचं त्याला सांगून ठेवलं. विमान उठलं ते सरळ आमच्या घरावर गेलं. तिथं लाल लागला, गाणं वाजलं. "इसकी बैटरी तो गई, काकाजी," तो माणूस म्हणाला.

तेवढ्यात घरातून थाळीचा आवाज आला. रोजच यायचा, मला वाटे दिराला भूक लागली. धावत गेले. हिरालाल दारातल्या खाटेवर पडून, वर पाहत, चमच्यानं थाळी वाजवत होता. पाणी दिलं तर ढकललं.

परत येऊन देवकाला विचारलं.

"बॅटरी भरलेली हाय," ती म्हणाली. "रिमोटवर बटन लावलं मी, दाबलं का लाल अन् गाणं लागते. एकटा पडून पडून त्याले वाटते, मी सोडून गेली. बांधीतच हाय म्हणून सांगते. तो थाळी वाजवते, म्हणजे समजलं."

आमचे हे बाजूलाच होते. गिऱ्हाईकाला म्हणाले, "जाओ भाई." मग माझ्याकडं वळले.

"तिले म्हणा, अजून एक चक्कर मार."

"बाई, सांगा त्यायले," देवका म्हणाली, "आता लाल खरंच लागला."

तुम्ही या एकदा. रोवणी लागायच्या आत या, मग मला फुरसत नसते. हिरालालपाशी घटकाभर बसा. तो बोलत नाही, पण माणूस आलेलं त्याला फार आवडते.