भाऊसाहेब आणि आमचा व्हिसा

आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांना लग्नपत्रिका द्यायला लोक घाबरतात. पत्रिका हातात पडली की ते खिशातून लाल पेन काढतात, दारात उभ्या उभ्याच ती तपासतात आणि चुकांभोवती गोल करून देणाऱ्याला परत करतात. "वर ज्ञानेश्वर, खाली ग्यानेश्वर. नक्की लगीन कुनाचं हाय?" आणि लग्नाच्या दिवशी मात्र मांडवात सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात.

भाऊसाहेब निवृत्त ग्रामसेवक. जामखेड तालुक्यातल्या गावोगावी त्यांनी आयुष्यभर जन्म, मृत्यू आणि घरपट्टीच्या नोंदी केल्या. आता नोकरी संपली, पण नोंदी काही संपल्या नाहीत. गल्लीत कुणाचं रेशनकार्ड हरवलं, कुणाच्या आधारवरचं आडनाव चुकलं, की माणूस त्यांच्या ओट्यावर. "कागद बोलला पायजे," हे त्यांचं पालुपद. "आपुन गप बसायचं. कागदानं बोलायचं."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. शिक्षकांच्या एका देवाणघेवाण कार्यक्रमात माझी निवड झाली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात वर्षभर राहायचं, आणि नवऱ्याला व मुलीलाही सोबत नेता येणार होतं. पत्र आलं त्याच संध्याकाळी भाऊसाहेब चष्मा पुसत आमच्या घरात हजर.

"हे डिपेंडंट म्हंजे काय?"

"अवलंबून असलेले. म्हणजे हे आणि ओवी."

भाऊसाहेबांनी माझ्या नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. संतोष सुप्याला कारखान्यात सुपरवायझर आहे, आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. "संतोषराव, तुमी मॅडमवर अवलंबून? तसं लिवून देनार?"

"घरात तर पहिल्यापासून तसंच आहे," संतोष म्हणाला. "आता कागदावर येईल एवढंच."

भाऊसाहेब पोट धरून हसले. मग त्यांनी ओवीचा जन्मदाखला मागितला आणि त्यांचं हसू गेलं. दाखल्यावर नावाचा रकानाच कोरा होता. चूक आमचीच. ओवीच्या जन्माच्या वेळी आत्या एका नावावर अडून बसली, मावशी दुसऱ्या. शेवटी तिसरंच ठेवलं, आणि ते नोंदवायला कुणी गेलंच नाही.

"सात वरसं!" भाऊसाहेब ओरडले. "सात वरसं सरकार ह्या लेकराला नुसतं 'स्त्री' म्हनतंय!"

दाखल्यावर नाव नाही तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर विद्यापीठाचा फॉर्म नाही, आणि प्रत्येकाचा वेगळा फॉर्म आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते माझ्यासोबत एसटीत बसले. माझ्या माहेरच्या गावी ओवी जन्मली होती. तिथला तरुण ग्रामसेवक भाऊसाहेबांना पाहून खुर्चीतून उठला. दोघांनी मिळून अर्ज लिहिला, आणि ओवीचं नाव रकान्यात पडलं तेव्हा भाऊसाहेबांनी पंचायतीत पेढे वाटले. बारसं होतं जणू.

पुढे आमच्या लग्नाची नोंदणीही झालेली नाही असं निघालं. तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "म्हंजे इतकी वरसं तुमी तोंडीच नवराबायको हायत."

सगळे कागद जमल्यावर मुलाखतीची तालीम सुरू झाली. भाऊसाहेब व्हिसा देणारे साहेब होऊन स्वयंपाकघरात खिडकीच्या जाळीमागे उभे, आम्ही तिघं बाहेर अंगणात उन्हात.

"मॅडम, व्हाय यू गोइंग?"

मी सांगितलं.

"मिस्टर, व्हॉट यू डू देअर?"

"कुकिंग, सर."

"बेबी, हू इज शी?"

"आई," ओवी म्हणाली.

"प्रूफ?"

ओवीने मला घट्ट मिठी मारली. साहेब जाळीमागे विरघळले, पण आवाज चढवून म्हणाले, "परत येनार का न्हाई, ते मोठ्यानं सांगा. त्यांना तेच पायजेल असतं." मग त्यांनी आम्ही परत येणार याचे पुरावे जमवले. सातबारा, घरपट्टीची पावती, शाळेचं रजेचं पत्र, शिवाय माझ्या सासूबाईंचा म्हशीसोबतचा फोटो.

मुंबईला अमेरिकन वकिलातीत खिडकीमागच्या बाईंनी तीन-चार प्रश्न विचारले, ओवीकडे बघून हसल्या आणि तिन्ही पासपोर्ट ठेवून घेतले. व्हिसा मिळाला होता. फाईल मी उघडलीसुद्धा नव्हती. बाहेर येऊन फोन केला तर पहिला प्रश्न आला, "कागद पाह्यले का?"

"एकेक करून, भाऊसाहेब. म्हशीचासुद्धा."

"मंग!" ते म्हणाले.

एक गोष्ट सांगायची राहिली. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात एक रकाना होता. आपल्याबद्दल खात्रीने सांगू शकतील अशी इथली दोन माणसं, पण नातेवाईक नकोत. मी आमच्या मुख्याध्यापिकांचं नाव टाकलं आणि भाऊसाहेबांचं. त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी पडद्यावरचं आपलं नाव एकेक अक्षर लावून वाचलं. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिलेला माणूस. "ते फोन करत्याल का मला?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, करतीलही.

आम्ही अमेरिकेत आलो. सामान लागलं, ओवीची शाळा सुरू झाली, आणि पहिल्या रविवारी संध्याकाळी मी भाऊसाहेबांना फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ असणार. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. परदेशातला नंबर पाहून त्यांचा आवाजच बदलला होता.

"येस सर! नमस्कार! मी बोलतोय. मॅडम लई चांगल्या हायत, सर. संतोषरावबी. खरी मानसं. परत येनार म्हंजे येनारच."

मी तोंड उघडणार तेवढ्यात ते पुढे बोलू लागले, जरा हळू.

"आन ती पोरगी, सर. रोज शाळंतून आली की आधी माज्या ओट्यावर यायची. पाढं म्हनायची, मंग घरी जायची. मला मागंफुडं कुनी न्हाई. नातं इचाराल तर काय न्हाई, सर, तुमच्या कागदात नातेवाईक चालत न्हाईत, मला म्हाईत हाय. पन चारच्या सुमाराला अजून मी दोन कप च्या ठिवतो. एक निम्मा, दूध जास्त."

मी ओवीला हाताने जवळ बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना सगळं सांगू दिलं.