लाल टोपलीतले लाडू

वाळूजच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात एकतीस वर्षे काढलेल्या अप्पारावांना त्यांच्या सुनेने, तनुजाने, पडेगावातल्या आपल्या बालवाडीत एकच तास दिला होता, तोही अटीवर.

"पोरं तासभर रमली, तर दर बुधवारी या, अप्पा. नाय रमली, तर घरी पेपर हायेच."

पेपरला अप्पाराव एवढे कंटाळले होते, की हल्ली ते निविदा सूचनासुद्धा वाचीत. म्हणून त्यांनी आठवडाभर खपून अठरा मुलांसाठी लाकडाची अठरा कडी बनवली. सगळी एकाच मापाची. खेळ सोपा होता. वस्तू कड्यातून गेली तर पास, हिरव्या टोपलीत. अडकली तर नापास, लाल टोपलीत.

"लाल टोपलीतलं फेकायचं का?" चिमुकल्या शिवमने विचारले.

"फेकायचं नाय बाळा. ते दुरुस्तीला जातं. जास्तीचं काढायचं, परत तपासायचं, पास होईस्तोर."

हिवाळ्याचे कोवळे ऊन खिडकीतून सतरंजीवर उतरले होते. लिंबे, अक्रोड, चेंडू टपटप टोपल्यांत पडू लागले. त्या तालात अप्पारावांना जुन्या यंत्रांची घरघर ऐकू आली आणि डोळे मिटले. स्वप्नात थेट फुलंब्रीपर्यंत एक पट्टा चालला होता. त्यावरून ढगांचे गोळे एकामागून एक येत होते आणि अप्पाराव प्रत्येकावर शिक्का मारत होते.

जाग आली ती शांततेने.

तपासायच्या वस्तू संपल्या, तेव्हा मुलांनी कोपऱ्यातली परात ओढली होती. अकरा वाजता येणाऱ्या पालकांसाठी बालवाडीतल्या मदतनीस द्वारकाबाईंनी वळलेले राजगिऱ्याचे लाडू तिच्यात होते. एकही कड्यातून गेला नव्हता. साहजिकच सगळे दुरुस्तीला लागले होते. प्रत्येक मूल आपला लाडू चहूबाजूंनी कुरतडी, कड्याला लावून पाही आणि पुन्हा कुरतडी.

"थांबा रे," अप्पाराव पुटपुटले.

"अभी नहीं हुआ, अप्पा," चार वर्षांची तहरीम गंभीरपणे म्हणाली. "इधर से फुगेला है."

द्वारकाबाई दारात येऊन थबकल्या. हिरव्या टोपलीत लिंबाएवढे, ओलसर लाडू ओळीने मांडलेले होते.

"माझे लाडू नापास केले व्हय?"

अप्पारावांनी परातीत उरलेला एकुलता धड लाडू उचलून कड्याला लावला. सवय वाईट. "माप जरा जास्तच भरतंय, द्वारकाबाई."

"पाहुण्यांना काय गोट्या वाढू?"

तेवढ्यात फाटक वाजले. अप्पारावांनी मनातल्या मनात बुधवार सोडून दिला आणि ते मटकन खाली बसले. तहरीमने आपले कडे त्यांच्या मुठीवर चढवून पाहिले. ते बोटांच्या पेरांवरच अडले. तिने क्षणभर विचार केला, त्यांचे बोट धरून त्यांना लाल टोपलीशेजारी नेऊन बसवले आणि धीर यावा म्हणून आपला अर्धा लाडू त्यांच्या तोंडात कोंबला.

तनुजा पालकांना घेऊन आत आली. अठरा मुले आणि एक वृद्ध, एकाग्रतेने चावत होते.

"आमचा शिवम घरी एक घास खायला तास लावतो," त्याची आई हळूच म्हणाली. "हा खेळ कधी असतो, मॅडम?"

तनुजाने रिकाम्या परातीकडे पाहिले, मग सासऱ्यांच्या फुगलेल्या गालांकडे.

"दर बुधवारी," ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी अप्पारावांच्या हातातून कडे काढून घेतले, आपला धड राहिलेला लाडू एकदा त्याच्यावर ठेवून पाहिला, आणि कडे शांतपणे लाल टोपलीत टाकले.