मिळून केलेला उपद्व्याप

"अरे तुकाराम, चहा ढोसलास आणि मार्क न देता चाललास? माझा रकाना रिकामा राह्यला रे!"

परबमामा तिसऱ्या मजल्यावरून ओरडत होते. तुकाराम तोवर डिलाईल रोड ओलांडून पलीकडे पोचला होता. मामांचा आवाज गिरणीतल्या मागांच्या खडखडाटावर मात करून कमावलेला. शिवडीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंनी दचकून पाय बदलला असणार. तुकाराम मुकाट तीन जिने चढून आला, "सहा" म्हणाला आणि तीन जिने उतरून गेला.

आमचे शेजारी परबमामा गिरणीत सूत तपासायचे. धागा तुटला तर दोष कापसाचा, हवेचा की पाळीचा, हे शोधायचं काम. संप झाला, गिरणी गेली, सूत गेलं. खोड तेवढी राहिली. पुढे मुलाने विरारला बिऱ्हाड हलवताना जुना कॉम्प्युटर बापाकडे टाकला. त्यात मामांना स्प्रेडशीट सापडली आणि चाळीवर संकट कोसळलं.

मामांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट तिघांमुळे घडते: ह्याचा परिणाम, त्याचा परिणाम आणि दोघांनी मिळून केलेला उपद्व्याप. उरलं ते "देवाक ठाऊक". उदाहरण नळावरचं. पाणी कमी आलं, तरी भांडण नाही. राणेवहिनी रांगेत आल्या, तरी नाही. पण कमी पाण्याच्या दिवशी राणेवहिनी आल्या की कळश्या पार कॉटन ग्रीनपर्यंत उडत. "हाच तो उपद्व्याप," मामा सांगत. "एकेकट्याला बघून कळत नाही. दोघांना एकत्र मोजावं लागतं."

पण त्यांचा मोठा प्रयोग चहाचा. गिरणीच्या कॅन्टीनमधल्या चहासारखा चहा पुन्हा कुठे मिळाला नाही, ही त्यांची जुनी हळहळ. तो चहा कशाने तसा लागायचा? घटक दोन: दूध म्हशीचं की पावडरचं, आलं घातलेलं की न घातलेलं. म्हणजे चहा चार तऱ्हेचे. चाखायला गिरणीच्या खात्यातले उरलेसुरले चार सोबती, दर रविवारी. साखर कोणालाच नाही, कारण त्यांतल्या तुकारामला मधुमेह. एकाला वगळून दुसऱ्यांना गोड दिलं तर हिशेब बिघडतो. प्रत्येक तऱ्हेला सारख्याच वेळा मार्क भरले पाहिजेत. एक रकाना रिकामा राहिला तर कॉम्प्युटर उत्तरच देत नाही. म्हणून ती आरोळी.

"एकदा पिऊन काय कळतं? पुन्हापुन्हा प्यायला पाहिजे," असं म्हणत मामांनी रविवारमागून रविवार काढले. चहा पाच मिनिटांत संपे. मग कोणाचा माग कसा अडला, कोणता जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कोणावर कसा डाफरला, यात दुपार होई. मामा त्या दिवशी दाढी करून बसत.

शेवटी तक्ता भरला. मामांनी मला शेजारी बसवून बटण दाबलं. शेवटी 'पी' नावाचा आकडा येतो. नुसत्या योगायोगानेही एवढा फरक दिसला असता का, ते तो सांगतो. लहान आला तर फरक खरा मानायचा. दुधाचा मोठा आला. आल्याचा मोठा आला. उपद्व्यापाचा त्याहून मोठा.

"म्हणजे चारी चहा सारखेच?" मी विचारलं.

"सारखेच."

मामांनी पडद्यावरच्या चौघांच्या मार्कांवरून बोट फिरवलं. चहात फरक नाही, तर आता रविवारी हे तीन जिने कोण चढणार? मी हळूच सुचवलं, दोनचार मार्क इकडचे तिकडे करा, फरक निघेल, प्रयोग चालू राहील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधात गटाराचं पाणी ओतायला सांगितलं होतं.

"सूत कच्चं तर कच्चं लिहायचं," ते म्हणाले.

रविवारी त्यांनी चौघांना निकाल सांगितला. आवाज इतका खाली, की शेजारच्या खोलीतही गेला नसता. दूध नाही, आलं नाही, मिळूनसुद्धा काही नाही. प्रयोग संपला, तुम्ही त्रास घेतलात, आता यायची गरज नाही. मग ते पाठ फिरवून कप गोळा करू लागले. दोघे चपला शोधू लागले.

तुकाराम जागचा हलला नाही. त्याने आपला रिकामा कप मामांच्या हातात दिला.

"साखर अजून तपासूची रवली हा," तो म्हणाला.