हिरव्या बाटलीचे भामरे काका

भामरे काकांबरोबर मॉलमध्ये जाऊ नका. मी एकदा गेले होते, पुन्हा जाणार नाही. साबणांच्या रॅकसमोर एक नवं जोडपं उभं होतं. गुलाबी घ्यावा की निळा, अशी त्यांची लाडीगोडी चालली होती. काका मागून गेले, दोन्ही साबण त्यांच्या हातातून काढून घेतले, उलटे केले, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "घरी जा. पिंप एकच आहे."

जोडपं बिचारं बघतच राहिलं. मी तोवर पलीकडच्या रांगेत जाऊन पापड न्याहाळायला लागले होते. हा माणूस आपल्या ओळखीचा आहे, हे कबूल करायची माझी हिंमत झाली नाही.

काका आमच्या समोरच्याच दारात राहतात, पाथर्डी फाट्याजवळ. त्यांची सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात केसांचं तेल बाटल्यांत भरण्यात गेली. काकांकडे हिरव्या बाटलीची लाइन, पलीकडे पिवळ्या बाटलीची, आणि दोन्हीकडे तेल यायचं ते एकाच मोठ्या पिंपातून. हिरवीवर लिहिलेलं 'घनदाट केसांसाठी', पिवळीवर 'मुळांच्या पोषणासाठी'. पुढे हिरवी आणि पिवळी दोघींनाही एकाच परदेशी कंपनीने विकत घेतलं. तरी टीव्हीवर दोघी एकमेकींशी भांडतच होत्या. तेव्हापासून काकांचा दुकानातल्या कुठल्याच रंगावर विश्वास राहिला नाही.

"तुला वाटतं तू निवडतेस," ते मला सांगतात. "निवड त्यांनी आधीच केलेली असते. तू नुसती पिशवी धरतेस!"

एकदा चहाला आले आणि माझ्या ओट्यावर घरातली सगळी पाकिटं मांडून बसले. बिस्किटं, चहा, नूडल्स, भांड्यांची पावडर. उलटसुलट वाचून त्यांनी पाकिटांचे दोन ढीग केले. "बघ. तुझ्या स्वयंपाकघरात दोनच मालक राहतात. तू आपली भाडेकरू." चहा गार झाला, दूध उतू गेलं, पण काकांचं समाधान झालं.

या क्रांतिकारकाच्या घरात मात्र फितुरी होती. सुमनकाकूंना तेल लागायचं ते हिरव्या बाटलीतलंच. पिवळीला त्या हातसुद्धा लावायच्या नाहीत. काका चारचौघांत कपाळ बडवून घ्यायचे. "मी स्वतः भरलंय ते तेल! आणि माझीच बायको जाहिरातीची गिऱ्हाईक!" काकू नुसत्या हसायच्या आणि चहा टाकायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. तेव्हापासून काकूंची वेणी काका घालतात. रोज संध्याकाळी पाच वाजता, गॅलरीत. पहिली वेणी बघून मला वाटलं, सुतळी गुंतलीय. पण माणूस चिकाटीचा, शिकला. आणि गंमत अशी, की डॉक्टरांनी, मुलीने, आम्ही सगळ्यांनी बोलतं करून पाहिलं तरी न बोलणाऱ्या काकू त्या अर्ध्या तासात बोलायला लागल्या. आधी एक शब्द, मग दोन. सटाण्याजवळचं माहेर, विहीर, बहिणी. बाकी दिवसभर गप्प.

आणि नेमकी कंपनीने हिरवी बाटली बंद केली.

काकांनी बाटलीवरच्या नंबरावर फोन लावला. मी समोरच होते. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, ग्राहकांच्या पसंतीनुसार ते उत्पादन थांबवलंय."

"कोणत्या ग्राहकांच्या? एक ग्राहक इथे खुर्चीत बसलीय. तिला विचारलंत?"

"सर, त्याऐवजी आमची नवी जांभळी बाटली ट्राय करा ना!"

काकांनी फोन ठेवला आणि जांभळीच्या खानदानाचा उद्धार केला.

घरातली शेवटची बाटली संपली. काकांनी पिवळी आणली. "तेच आहे गं, अगदी तेच!" काकूंनी मान फिरवली. केस डोक्यावर तसेच बांधलेले राहिले. वेणी बंद, बोलणं बंद. आठवडा गेला, दुसराही गेला. काकूंचे शब्द पुन्हा हरवतात की काय, या धास्तीने काकांचं जेवण सुटलं. रंगाला काही अर्थ नाही असं जगाला सांगणारा हा माणूस एका रंगापायी वणवण फिरायला लागला. आमच्या द्वारका चौकातली होलसेल दुकानं झाली, दिंडोरीकडची खेडी झाली.

"काका, पिंप एकच ना?" मी एकदा चिडवलं.

"गप्प बस, वैशाली." काका पिशवी उचलून पुन्हा बाहेर पडले.

शेवटी मनमाडला स्टेशनमागच्या एका दुकानात, धूळ खात पडलेली एक हिरवी मिळाली. काका चपलांसकट गॅलरीत शिरले. मला हाक मारून साक्षीला उभं केलं. काकूंनी डाव्या हाताने बाटली घेतली, उलटी केली, डोळ्यांजवळ धरून तळ पाहिला आणि स्टुलावर ठेवून दिली.

"हाई तुमनी नई शे," त्या म्हणाल्या. ही तुमची नाही.

"अगं हिरवीच आहे ना! अजून कोणती हिरवी असते?" काका ओरडले.

मी बाटली उलटी केली. तळाला एक बारीक अक्षर उठवलेलं होतं.

"ते अक्षर," काकू एकेक शब्द शोधत मला सांगायला लागल्या. "यांच्या लाइनचं येगळं. यांनी घरी आणलेल्या पहिल्या बाटलीवर... पाहिलेलं. ही दुसऱ्या कारखान्यातली. मी दुकानात... सगळ्या बाटल्या उलट्या करायचे. यांच्या हातची असली... तरच घ्यायचे."

"पण काका तर कधीचे रिटायर झाले, काकू."

"लाइन यांनीच बसवलेली ना."

मला हसूही आलं आणि रडूही.

काका स्टुलावर बसले. कंपनीने त्यांचं नाव कधी कुठे छापलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांची खूण म्हणजे ते एक अक्षर, आणि ते वाचणारं एकच गिऱ्हाईक त्यांच्याच घरात होतं.

"आणि मी तुला सगळ्यांसमोर काय काय बोललो!" काका म्हणाले. "सांगितलं का नाहीस गं?"

"तुमी बोलू देता का?"

 

काकूंनी डाव्याच हाताने डोक्यावरची गाठ सोडली. "लाइन बंद पडली. मानूस तर हाय ना? आना कुठलीबी."

काकांनी पिवळी उघडली. निम्मं तेल फरशीवर सांडलं. भांग पार वाकडा पडला. काकू बहिणीच्या लग्नातली कसलीशी गोष्ट अडखळत सांगत होत्या, आणि भामरे काका मधे एकदाही तोंड न घालता ऐकत होते.