उजवीकडचा पक्षी

घड्याळजींनी बायकोचा जुना कॉम्प्युटर भंगारात दिला, तो निव्वळ प्रेमापोटी. तिच्या वाढदिवसाला नवा आणला होता, जुन्याला जागा नव्हती आणि भंगारवाला नेमका दारात उभा होता. दिवसभर दुकानात लोकांची बंद पडलेली घड्याळं जिवंत करणाऱ्या या माणसाने एखादी जुनी वस्तू उघडून न बघता टाकली, ती आयुष्यात एकदाच. आणि तीच नडली.

कारण त्या कॉम्प्युटरला बायकोचं विणकामाचं यंत्र जोडलेलं होतं. त्याने नक्षी सांगायची, याने लोकरीत विणायची, असा दोघांचा वर्षानुवर्षांचा संसार होता. नव्या कॉम्प्युटरला यंत्र जोडलं, तर त्याने ओळखसुद्धा दाखवली नाही. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती आणि भंगारवाल्याने जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग विकूनही टाकले होते.

बायकोच्या हातात मात्र आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं. बायकांच्या एका गानमंडळाचे पुढून उघडे स्वेटर, छातीवर दोन्ही बाजूंना तिचा नेहमीचा एकेक पक्षी. आधी सगळे डावे भाग विणायचे, मग सगळे उजवे, ही तिची पद्धत. डावे झाले होते. उजवे राहिले होते आणि गाण्याचा कार्यक्रम महिन्यावर आला होता.

"विचारायचं तरी," एवढंच ती म्हणाली आणि त्यानंतर बोलेचना.

घड्याळजींनी मेहुण्याला फोन लावला. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा.

"दाजी, यंत्राची भाषा वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. मधे दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तुमच्या यंत्रासाठी नव्यात तो कुणी लिहिलेलाच नाही."

"मग तू लिही."

"यंत्र तिकडे, मी इकडे. ते समोर असल्याशिवाय नाही जमायचं."

"मग मला शिकव."

"दाजी, ताई फारच चिडलीय का?"

"चिडली असती तर बरं होतं. गप्प आहे."

शिकवणी सुरू झाली. पहिला धडा, पडद्यावर एखादं वाक्य उमटवायचं. घड्याळजींनी लिहिलं, 'अगं, चुकलो'. दुसरा धडा, तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचं. त्यात थांबायचं कधी, हे सांगायचं राहून गेलं. पडदा भरून वाहिला तरी 'अगं, चुकलो' चालूच. बायको चहा घेऊन आली, तेव्हा घड्याळजी वायर उपटायच्या बेतात होते. तिने कप ठेवला आणि पडदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"राहू द्या चालू. तोंडाने एकदाही म्हणाला नाहीत."

"चुकलो," घड्याळजी म्हणाले.

"आता बंद करा."

अबोला संपला. चहात पूर्वीइतकी साखर पडायला मात्र आणखी काही दिवस गेले.

पुढे मेहुण्याने सांगितलं की कॉम्प्युटर एकापासून नाही, शून्यापासून मोजतो. घड्याळजींनी ते इतकं मनावर घेतलं, की दुकानात घड्याळं टांगायच्या खुंट्याही ते शून्यापासून मोजू लागले. पोस्टमन दोन दिवस एका शिक्षिकेचं नाजूक सोनेरी घड्याळ बांधून गावभर फिरला. तक्रार शिक्षिकेने केली, पोस्टमनने नाही.

खरी परीक्षा ड्रायव्हर लिहिताना झाली. "साधा प्रोग्राम चुकला तर एकटाच पडतो," मेहुणा म्हणाला. "ड्रायव्हर म्हणजे घरातला कर्ता. तो आडवा झाला की सगळं घर बसतं." तसंच व्हायचं. कॉम्प्युटर गोठायचा, सुयांवरून सरकणारी पेटी भलतीकडेच धावायची आणि लोकरीचा गुंता व्हायचा. बायको शेजारी बसून गुंता सोडवायची. एकदाही तिने 'जाऊ द्या' म्हटलं नाही. घड्याळजींना त्याचं इतकं बरं वाटायचं, की ते पुन्हा चुकायला तयार व्हायचे.

शेवटी त्यांनी दुकानातलं स्टूल आणलं, यंत्राची मागची फळी काढली आणि मागे ठाण मांडून एकेक सुई मोजली. कोणती सुई कोणत्या हुकमाला उठते, ते पाहून पाहून लिहिलं. आणि एका दुपारी यंत्र खडखडत सुरू झालं ते थांबलंच नाही. लोकरीतून हळूहळू चोच आली, डोळा आला, पंख आला. दोघं एकमेकांचा हात धरून बघत राहिली.

उजवे भाग पूर्ण झाले, लोकर संपली, कार्यक्रम परवावर आला. बायकोने पहिला डावा आणि उजवा भाग शेजारी ठेवले आणि थबकली.

"अहो, हा उलटा बघतोय."

घड्याळजींनी वाकून बघितलं. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक यंत्र पाठीमागून बघतो. त्यांनी सुयाही पाठीमागून मोजल्या होत्या. तिची डावी ती त्यांची उजवी. सगळेच्या सगळे पक्षी तोंड फिरवून बसले होते.

"मी मंडळाच्या बाईंना जाऊन सांगतो," ते कसेबसे म्हणाले. "तुझी चूक नाही म्हणून."

ती दोन्ही तुकडे पुन्हा पुन्हा जुळवून बघत होती. जुना कॉम्प्युटर दोन्ही पक्षी एकाच दिशेला विणायचा. डावा बटणांकडे बघायचा, उजवा त्याच्याकडे पाठ करून बाहीकडे. गिऱ्हाइकं विचारायची, "यांचं भांडण झालंय का हो?" ती हसायची, पण ते मनाला लागायचं. आज पहिल्यांदाच दोघे समोरासमोर होते.

"कुठेही जायचं नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं मला हेच हवं होतं. या वयात, माझ्यासाठी, एवढं शिकलात तुम्ही. मी बोललेच नाही, पण मला फार बरं वाटलं."

कार्यक्रमात गाण्याइतकीच स्वेटरांची चर्चा झाली. आठवड्याने शेजारच्या गावचं मंडळ अगदी तस्सेच स्वेटर मागायला आलं. तोवर घड्याळजींनी लाजेपोटी, मेहुण्याचं डोकं खाऊन, सगळ्या सुया सरळ मोजून ठेवल्या होत्या.

"आता एकही पक्षी उलटा येणार नाही," त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"डाव्या भागांचं भागलं मग. पण उजव्यांना उलटाच पक्षी हवा ना?"

"त्यांना आधीचा ड्रायव्हर... तो मी पुसला."

"पुसला? विचारायचं तरी."

घड्याळजींनी स्टूल उचललं, यंत्राच्या मागे मांडलं आणि शून्यापासून सुया मोजायला घेतल्या. मधेच मान वर केली. सुयांच्या पलीकडून बायको त्यांच्याकडेच बघत होती.