येलहंका, अकरा ते बारा

आमच्या ऑफिसात कॉफी प्यायची असेल तर आधी मोहिते अण्णा कुठे आहेत ते बघावं लागतं. तुम्ही कप घेऊन परत येईपर्यंत तुमचं ड्रॉइंग व्यवस्थित सेव्ह केलेलं असतं, सॉफ्टवेअर बंद झालेलं असतं आणि पलीकडच्या टेबलावर इतका वेळ ताटकळलेला कोणीतरी आनंदाने कामाला लागलेला असतो. अण्णा तुमच्याकडे बघतही नाहीत. उठलात ना, मग झालं.

यात त्यांचा तसा दोष नाही. बंगळुरातल्या मल्लेश्वरममधलं आमचं हे पुलांची डिझाइनं करणारं छोटं ऑफिस. माणसं नऊ आणि ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची लायसन्स तीन. ती तिन्ही कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर राहतात आणि नेटवर्कवरून मागेल त्याला मिळतात. चौथ्याने मागितलं की पडद्यावर येतं, जागा नाही, नंतर प्रयत्न करा. या 'नंतर'चा सगळा कारभार अण्णांकडे. दर पंधरा मिनिटांनी ते उठतात, हात मागे बांधून टेबलांमधून फिरतात आणि कोणाचा माउस स्थिर दिसला की मान वाकवून विचारतात, "चाललंय की नुसतं धरलंय?" मी नागपूरहून नवीन आले तेव्हा आठवड्याभरात एक गोष्ट शिकले. विचार करायचा असला तरी माउस हलवत राहायचं.

त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर अण्णांचा भारी जीव. सकाळी आल्या आल्या ते त्याला उलटा हात लावून ताप बघतात. आयुधपूजेला आम्ही आपापल्या कॉम्प्युटरना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. त्याला मात्र अण्णांनी स्वतःच कुंकू लावलं, तेही कोरडं, आणि दृष्टीचा कोहळा फोडायला आम्हाला रस्त्यापलीकडे पिटाळलं. शिंतोडा उडाला तर काय घ्या. त्यांचे पूर्वज म्हणे कैक पिढ्यांपूर्वी घोड्यावरून बंगळुरात आले. त्यांनी तो घोडासुद्धा इतका जपला नसेल.

अण्णांच्या पडद्यावर एक यादी कायम उघडी असते. कुठलं लायसन्स कोणत्या कॉम्प्युटरकडे आहे ते तिच्यात दिसतं. त्यातलं एक नाव मला फार डाचायचं. येलहंका. रोज अकराला ते तिसऱ्या जागेवर येऊन बसायचं आणि बारापर्यंत हलायचं नाही. शहराच्या उत्तर टोकाच्या येलहंक्यात आमचं ना ऑफिस, ना साइट. आणि खुद्द साहेबांच्या पाठीमागे उभं राहून जाब विचारणारे अण्णा येलहंकाला मात्र चकार शब्द बोलत नसत. साहेबांचा कोणीतरी भाचा असणार, यावर आमचं एकमत होतं.

गेल्या महिन्यात एका पादचारी पुलाची ड्रॉइंग्ज मला दुपारी एकला द्यायची होती. माझं प्रोबेशन संपायला चार दिवस राहिले होते, आणि हे काम हुकलं तर नागपूरची गाडी धरायची हे मला कोणी सांगायला नको होतं. दोन लायसन्स सीनियर लोकांनी घेतली होती. मी ठरवलं, आज भाच्याला उपाशी ठेवायचं. अकराला पाच कमी असताना तिसरं लायसन्स पटकावलं आणि खुर्चीला चिकटून बसले. पाणीसुद्धा प्यायले नाही.

अकरा वाजून गेले. सव्वाअकरा झाले तरी अण्णा फेरीला उठले नाहीत. यादीवरून त्यांची नजर हलत नव्हती. दोनदा कोपऱ्यात जाऊन केबल दाबून आले. मोबाइल काढला, परत खिशात ठेवला. मला वाटलं, माझ्यावरच चिडलेत. मी माउस आणखी जोरात हलवायला लागले. मग ते माझ्या टेबलापाशी आले.

"अम्मा, स्वल्प सोडतेस का? एकच मिनिट."

मी हात न थांबवता सांगितलं की मला एकला काम द्यायचंय, त्या येलहंकावाल्याला आज थांबू द्या.

"वाला नाही," अण्णा म्हणाले. "बायको आहे माझी."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. कावेरीअक्का याच ऑफिसात वीस वर्षं ड्रॉइंग करायच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात गेला आणि वाचाही गेली. फोन केला तर उचलतात, पण शब्द फुटत नाही आणि मग जास्तच कासावीस होतात. म्हणून साहेबांना विचारून अण्णांनी येलहंक्याच्या घरचा कॉम्प्युटर इथल्या नेटवर्कला जोडून घेतला. शेजारची बाई साडेदहाला अक्कांना खुर्चीत बसवून जाते. अकराला त्या डाव्या हाताने सॉफ्टवेअर उघडतात आणि रोज एक जिना काढतात. इथे नाव दिसलं की अण्णांना कळतं, आजचा दिवस ठीक आहे.

"आज नाव आलं नाही," ते म्हणाले. "तू घेतलंस म्हणून आलं नाही, का ती पडली म्हणून आलं नाही, हे मला कसं कळायचं?"

त्यांचे ओठ कोरडे पडले होते. मला माझीच लाज वाटली. मी सेव्ह केलं, बंद केलं आणि त्यांच्याबरोबर यादीसमोर जाऊन उभी राहिले. वर दोन नावं, तिसरी ओळ रिकामी. मल्लेश्वरमहून येलहंका, या रहदारीत पाऊण तास तरी. अण्णांनी स्कूटरची किल्ली काढून मुठीत धरली होती. एकला द्यायचं काम, प्रोबेशन, मला काही आठवत नव्हतं. ये गं बाई, एवढंच मनात चाललं होतं.

तिसऱ्या ओळीत नाव आलं. येलहंका.

अण्णांनी टेबलाचा कोपरा धरला. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच ते नाव गेलं. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

"वीस वर्षं बसलीय ती इथे," अण्णा म्हणाले. "आधी जागा नव्हती, मग एकदम मिळाली. कोणीतरी अर्धं काम टाकून उठलंय, एवढं कळतं तिला, म्हणून परत सोडली. सरी, ठीक आहे, बस जा आता."

मी बसले. यादीत तिसऱ्या जागी माझ्या कॉम्प्युटरचं नाव आलं, अक्कांचं कुठेच नव्हतं. अण्णा तरीही तिकडेच पाहत होते, आणि चेहरा असा निवळला होता, जणू आत्ताच घरी फोन लागला आणि दोघं पोटभर बोलली.